आधी खुरपं बदला, मशीनचं नंतर बघू

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. नाताळात मुलांसाठी जमिनीतला धातू शोधायचा दीडशे पौंडांचा मेटल डिटेक्टर घेतलात, कौन्सिलला रीतसर विचारून जवळच्या पार्कात पाच महिने फिरवलात आणि हाती काय, तर खिळे, कोकच्या कॅनच्या कड्या आणि एक गंजकी किल्ली. नऊ वर्षांच्या लेकीला अजून हौस आहे, सहा वर्षांचा मुलगा दहा मिनिटांत कंटाळतो आणि नवरोबा रात्री जागून सातशे पौंडांच्या मशीनचे व्हिडिओ बघतायत. तर वरचं मशीन घ्यावं का, आणि जुलैत सासऱ्यांच्या कोकणातल्या वाडीत ते न्यावं का?

दोन्हींना माझं उत्तर 'नको'. पण नुसतं नको म्हणून भागायचं नाही, कारण अकरा वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होते आणि मी घेतलं होतं. इथे सफक जिल्ह्यात आम्ही नवीन होतो, चार महिन्यांत पहिलं मशीन बिनकामाचं ठरवून तिप्पट किमतीचं आणलं. नवं मशीन डावीकडे गेलं की गप्प, उजवीकडे आलं की किंचाळायचं. तीन आठवडे आम्ही मॅन्युअल घोकलं, दुकानदाराला दोन लांबलचक ईमेल लिहिल्या. शेवटी लेक म्हणाली, "आई, ते बाबाच्या बुटापाशी गेलं की वाजतं." बांधकामावर घालतात ते स्टीलच्या टोपीचे बूट! दुकानदाराला तिसरी ईमेल लिहायची हिंमत मला झाली नाही.

तुम्हाला मी 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणणार नाही, कारण तुमचं अंगण खरंच वाकडं आहे. पार्क म्हणजे पन्नास वर्षांच्या पिकनिकांचा उकिरडा. त्यात गवत कापायचं यंत्र कॅनवरून जातं आणि त्याच्या चिंध्या करून सगळीकडे पसरवतं. इथले जुने लोक त्याला 'कॅनस्लॉ' म्हणतात, कोलस्लॉमधल्या कोबीसारखं बारीक चिरलेलं. सातशेचं मशीन हाच कचरा आणखी खोलातून आणि आणखी खणखणीत आवाजात दाखवील, एवढाच फरक.

तुम्हाला हवंय ते शेत. इंग्लंडात प्रत्येक जमिनीला मालक असतो आणि त्याच्या होकाराशिवाय मशीन चालू करायचं नाही. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घ्या, त्यात एक कोटी पौंडांचा सार्वजनिक दायित्वाचा विमा येतो. शेतकरी पहिल्यांदा तेच विचारतात. मग पत्रं लिहा. हाताने लिहिलेली, छोटी, आणि मुलं बरोबर असतील हे स्पष्ट सांगणारी. आम्ही अकरा लिहिली. उत्तरं दोन आली, दोन्ही नकार. त्यातल्या एका म्हाताऱ्याचा सहा आठवड्यांनी फोन आला की ट्रेलरची पिन कुरणात पडलीय, ते यंत्र घेऊन येता का? चाळीस मिनिटांत पिन सापडली आणि पिनेबरोबर आम्हाला एकशेवीस एकर मिळालं. मुलं त्याला ट्रॅक्टरकाका म्हणतात. दर खेपेला निघताना खणलेल्या भंगाराची बादली आम्ही त्याच्या अंगणात रिकामी करतो. तारा, नांगराचे फाळ, पत्रे. त्याला नाण्यांपेक्षा त्याचंच कौतुक, कारण ते त्याच्या टायरात घुसायचं वाचतं.

हसू नका, हीच गोष्ट आमच्या जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर घडलेली आहे. १६ नोव्हेंबर १९९२ ला हॉक्सन गावात पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याचा हातोडा हरवला म्हणून एरिक लॉज मशीन घेऊन शोधायला गेले आणि त्यांना रोमन काळाच्या अखेरचा खजिना लागला. सोन्याचांदीची जवळजवळ पंधरा हजार नाणी, चमचे, दागिने. थोडं काढल्यावर ते थांबले आणि त्यांनी कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी बाकीचं हलक्या हाताने उकरलं, म्हणून पेटी केवढी होती, कशाशेजारी काय रचलं होतं हे आज सांगता येतं. हातोडाही सापडला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मुलांना लंडनला नेलंत तर आधी तो दाखवा.

आता पैसे कुठे घालायचे ते सांगते. पहिला खर्च पिनपॉइंटर, शंभर पौंडांच्या आसपास. गाजराएवढी दांडी असते, खड्ड्यात घातली की धातू कुठल्या बाजूला आहे ते गुरगुरून सांगते. तुमचा मुलगा दहा मिनिटांत कंटाळतो असं लिहिलंयत, तर मला खात्री आहे की त्यातली आठ मिनिटं आई-बाबा मातीची ढेकळं चाळण्यात घालवतायत आणि तो उभा आहे. पिनपॉइंटर त्याच्या हातात द्या. तो 'डॉक्टर', तुम्ही फक्त खणायचं. आमच्या धाकट्याने मोठं मशीन नऊ वर्षांचा होईपर्यंत धरलं नाही, पण पिनपॉइंटर कुणाला हात लावू देत नव्हता. एक बायकी सूचना: खड्ड्यात पिनपॉइंटर गुरगुरतोय आणि काहीच सापडत नाहीये, असं झालं तर हातातली पाटली बघा. माझा एक अख्खा शनिवार माझ्याच बांगडीने खाल्लाय.

दुसरा खर्च खुरप्याचा. कुंड्यांचं खुरपं इथल्या चिकणमातीत वाकतं. एका कडेला दाते असलेलं मजबूत खुरपं किंवा या छंदासाठीच मिळणारं अरुंद, आखूड फावडं घ्या. कुरणात गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापायचा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून उलटायचा, माती एका कापडावर काढायची, आणि शेवटी सगळं परत भरून पायाने दाबायचं. दुसऱ्या दिवशी आपली जागा आपल्यालाच ओळखू येता कामा नये. परवानग्या जातात त्या बहुतेक उघड्या खड्ड्यांपायी. तिसरा खर्च हेडफोन. पुसटसे आवाज स्पीकरवर वाऱ्यात विरून जातात.

आणि सवय बदलायला तर काहीच खर्च नाही. मुलं कॉइल, म्हणजे मशीनच्या टोकाची तबकडी, झोक्यासारखी झुलवतात, दोन्ही टोकांना हातभर वर. तिथे मशीन आंधळं असतं. केरसुणीसारखी फिरवायची, जमिनीशी समांतर, दोन बोटं वर, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवून. चालायचं इतकं हळू की मागचा वैतागेल. मोबाइल खिशात नको. दोन मशीन चालू असतील तर मध्ये दहा-पंधरा मीटर सोडा, नाहीतर ती एकमेकांवर ओरडतात.

कड्यांना कंटाळून तुम्ही डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचा आवाज गाळायची सोय, वर नेऊन ठेवलंय असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. ते खाली आणा, फक्त बारीक लोखंड गाळेल इतकंच ठेवा. धातू ओळखायला मशीन पडद्यावर एक आकडा दाखवतं, आणि कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी बऱ्याचदा एकाच आकड्यावर वाजतात. कडी नको म्हटलंत की अंगठीही गेली.

आमची लेक आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबरमधला रविवार, ट्रॅक्टरकाकांचं कुरण, हातात ते पहिलंच, आम्ही बिनकामाचं ठरवलेलं मशीन. आकडा स्थिर होईना. एकीकडून वाजे, दुसरीकडून नाही. मी म्हटलं सोड, चांदी असेल ती चॉकलेटची. तिने ऐकलं नाही, गोल फिरून प्रत्येक बाजूने आवाज तपासला आणि म्हणाली, "एवढासाच आहे पण आहे." चारेक इंच खाली काळ्या ढेकळाच्या पोटात एक पांढरी रेघ दिसली. मी अंगठ्याने पुसणार तेवढ्यात तीच ओरडली की घासायचं नाही. अर्धचंद्रासारखा कपटा, नखापेक्षा जेमतेम मोठा, एक कड गोल आणि एक कड सरळ कापलेली. जिल्ह्याच्या फाइंड्स लिएझाँ ऑफिसरने, म्हणजे अशा सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं की तिसऱ्या हेन्री राजाची पेनी आहे, १२४७ नंतरची, मधोमध कापलेली. तेव्हा पेनीहून लहान नाणी फारशी नसत. अर्धी पेनी हवी तर नाण्यावरच्या क्रुसाच्या रेघेवर पेनीच कापत. म्हणजे खरोखरीचा अधेला! आजीला फोनवर तोच शब्द सांगितला आणि तिला लगेच समजलं.

धाकट्याचा मानाचा सापडलेला ऐवज मात्र १७९७ ची कार्टव्हील पेनी. बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीतली, बरोब्बर एक औंस तांबं, आपला ढब्बू पैसाच जणू. याच टांकसाळीत १७९१ साली मुंबई इलाख्यासाठीही तांब्याची नाणी पाडली गेली होती, हे कळल्यावर पोराने शाळेत जाऊन काय काय सांगितलं असेल देव जाणे.

आता मशीन कधी बदलावं? माझ्या मते तीनच कारणांनी. समुद्राच्या ओल्या वाळूवर जायला लागलात तर, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं आणि एकाच फ्रिक्वेन्सीचं साधं मशीन तिथे वेड्यासारखं बडबडतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं मशीन तिथे गप्प राहतं. त्यासाठी सातशे लागत नाहीत, मायनलॅबची व्हँक्विशसारखी खालच्या किमतीतली मशीनही ते करतात. दुसरं कारण, जुन्या वस्तीच्या खिळ्यांनी भरलेल्या शेताची परवानगी मिळाली, की खिळ्याला चिकटून पडलेलं नाणं वेगळं ऐकू यायला एका आवाजातून झटपट सावरून दुसरा पकडणारं मशीन लागतं. तिथे एक्सपी ड्यूस किंवा इक्विनॉक्स असल्या वरच्या मशीनचे पैसे वसूल होतात. तिसरं, वजन. ड्यूस किलोच्या आत आहे आणि तासाभराने मनगट ते सांगतं.

'जास्त खोल जातं' हे कारण मी मोजतच नाही. सिग्नल खाली जाताना विरतो आणि परत येताना पुन्हा विरतो. ढोबळमानाने खोली दुप्पट झाली की बारीक वस्तूकडून येणारा प्रतिसाद साठेक पटीने क्षीण होतो. म्हणून चौपट पैसे टाकून नाण्यावर मिळतात ती दोन-चार बोटं. शिवाय आपण नांगरलेल्या थराच्या खाली खणायचंच नसतं. तिथे काही अखंड, रचलेलं लागलं तर हात थांबवा आणि फोन करा.

घ्यायचंच ठरलं तर जुनं घ्या. सहा महिन्यांत हौस फिटलेल्या लोकांची मशीन कपाटात पडून असतात. आणि तुमचं पहिलं विकू नका, ते मुलाला होईल.

कायद्याचं थोडक्यात. इंग्लंडमध्ये १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे: तीनशे वर्षांपेक्षा जुनी, निदान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू, किंवा एकाच ठिकाणची अशी दोन नाणी सापडली तर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा चौकशा करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचं. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांपुढच्या, असाधारण महत्त्वाच्या धातूच्या वस्तूही त्यात आल्या आहेत. फाइंड्स लिएझाँ ऑफिसर हे सगळं करून देतात. लेम्स्टरजवळ २०१५ मध्ये सापडलेला व्हायकिंग काळातला साठा दोघांनी लपवून विकला, तर २०१९ मध्ये त्यांना दहा आणि साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली. संरक्षित स्मारकाच्या जागी तर मशीन न्यायचंही नाही. आमच्या भागात दुसऱ्या महायुद्धातले विमानतळ खूप, त्यामुळे पितळी काडतुसं नेहमीची. पण काही जाडजूड, बॉम्बसारखं दिसलं तर मुलांना घेऊन मागे फिरा आणि पोलिसांना बोलवा. शिशाच्या गोळ्या निघतात, तेव्हा डबा उघडायच्या आधी हात धुणं सक्तीचं. धनुर्वाताचं इंजेक्शन तपासून घ्या.

आणि कोकण. मशीन इथेच ठेवा. भारतात १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे आणि त्यातली मर्यादा दहा रुपयांची आहे. जमिनीत दडलेली, त्याहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, जमीन सासऱ्यांची असली तरी. त्यावर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, आणि किल्ल्यांच्या आसपास तर विचारूच नका. २०२५ च्या मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते, ते दृश्य तुम्हीही पाहिलं असेल. वाडीत तुम्ही आजोबांची हरवलेली विळी जरी शोधायला लागलात तरी संध्याकाळपर्यंत गावात 'लंडनवाल्यांना हंडा लागला' होईल आणि निस्तरायला सासरे एकटेच उरतील.

या शनिवारी एवढंच करा. स्वतःच्या बागेत एक खिळा, एक कॅनची कडी, आधी काढून ठेवलेली तुमची एखादी अंगठी आणि एक दोन पेन्सचं नाणं एकमेकांपासून दोन फुटांवर, बोटभर खोल पुरा. अंगठीला दोरा बांधा. नाणं १९९२ च्या आधीचं ब्राँझचं शोधा, कारण त्यानंतरची तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी आहेत आणि मशीनला फसवतात. चुंबक लावला की कळतं. चारही ठिकाणचा आकडा लेकीला वहीत लिहायला सांगा, मग तेच वीतभर खोल पुरून पुन्हा. ते आठ आकडे आणि मशीनचं मॉडेल मला इथेच कळवा. अंगठी आणि कडी किती जवळ येतात त्यावरून सांगते, डिस्क्रिमिनेशन कुठे ठेवायचं ते.