पूजेत मन लागत नाही, म्हणजे श्रद्धा उडाली का?

मी समुपदेशक आहे, आणि श्रावण लागायच्या आधी आणि नवरात्राच्या तोंडावर माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच. "पूजा रोज करते हो, पण मन लागत नाही. तोंडानं रामरक्षा चालू आणि डोक्यात गॅसचं बुकिंग." कुणी हे हसत सांगतं, कुणी डोळे पुसत. मग आतली भीती बाहेर येते: "माझी श्रद्धाच उडाली का? देवाला हे कळत असेल ना?"

अलीकडे हे फारच वेळा ऐकते आहे, म्हणून अण्णांबद्दल लिहायचं ठरवलं. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

अण्णा सातारा जिल्ह्यातले. वीज मंडळात हेल्पर म्हणून लागले, लाइनमन म्हणून निवृत्त झाले. मंडळाची महावितरण झाली त्याला २००५ पासून इतकी वर्षं लोटली, तरी ते अजून "बोर्डात होतो" असंच सांगतात. घरची देवपूजा कायम काकूंकडे होती. काकू गेल्या आणि पूजा अण्णांकडे आली. त्यांनी ती ड्यूटीसारखी उचलली. पहाटे उठायचं, आंघोळ, देव ताम्हनात, अष्टगंध, तुळस, हरिपाठ. एक दिवस खाडा नाही.

"सगळं बरोबर करतो, मॅडम. पण करंट नाही. लाइन जोडलेली आहे, सप्लाय येत नाही."

मी आधी त्यांची झोप, भूक, कशात रस वाटतो का, हे नीट विचारून घेतलं. हे सगळ्यांसाठीच सांगते. फक्त पूजेतच नाही, तर जेवणात, माणसांत, कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तो श्रद्धेचा प्रश्न नव्हे, आधी डॉक्टरांना दाखवा. अण्णांचं तसं नव्हतं. काकूंची आठवण यायची, डोळे भरायचे, पण भजनी मंडळात जात होते, नातवाशी कॅरम खेळत होते. अडलं होतं ते देवापुढंच.

"पूजा चालू असताना मनात काय चालतं?" मी विचारलं.

"हेच की मन लागत नाहीये. लागलं पाहिजे. हिचं कसं लागायचं!"

इथं माझी धारणा सांगून टाकते. मी ज्या विचारात घडले तो मानसशास्त्रातला विवेकनिष्ठ विचार आहे, आणि त्यानं मला एक गोष्ट पक्की शिकवली: भावना हुकमानं येत नाही. भक्तीसुद्धा नाही. झोपेसारखंच आहे हे. 'आली पाहिजे' म्हणून डोळे मिटून पडलात की ती आणखी लांब पळते. आपल्या हातात असतं ते लक्ष. ते कुठं न्यायचं हे मात्र ठरवता येतं.

मी त्यांना म्हटलं, "पूजा थोडक्यात उरका. राहिलेल्या वेळात अंगणात जा. एकच काहीतरी निवडा. झाड, ढग, मुंगी, काहीही. मला माहीत नसेल असं त्याच्याबद्दल काही सांगता येईल इतकं निरखा. मग जे पाहिलं ते देवाला सांगा. मागायचं काही नाही."

अण्णांना हे फारसं पटलं नाही. पण बोर्डातला माणूस, ऑर्डर मोडायची सवय नाही. पुढच्या भेटीत त्यांनी खिशातून कागद काढून वाचला, "कडुलिंब एक. उत्तरेकडची फांदी वाळलेली. पावसाआधी तोडली नाही तर सर्व्हिस वायरवर येणार."

मला हसू आवरेना. तेही हसले. मग म्हणाले, "मॅडम, आमची सगळी नोकरी वर बघण्यात गेली. पण आम्ही तारा बघितल्या. झाड म्हणजे तारेला टेकणारी अडचण. दर एप्रिल-मेला कोयता घेऊन फांद्या तोडत फिरायचो. त्यात मोहोर असायचा, घरटी असायची. कोण बघतंय!"

त्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले, आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या कामात मला उमगलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक तिथं हाती लागली. आपल्यापैकी बहुतेकांची नजर दोष शोधण्यात तयार झालेली असते. घर चालवणारी बाई खोलीत शिरली की आधी धूळ बघते. शिक्षक वहीत चुका बघतो. हीच नजर घेऊन आपण देवघरात बसतो. गंध पातळ झालं, वात तिरकी लागली, आणि शेवटी ती स्वतःवर वळते: बघ, आजही मन लागलं नाही. पूजा कसली, तपासणीच ती. स्तुती कुठून सुचणार? स्तुतीला आधी काहीतरी आवडावं लागतं, आणि आवडायला नीट दिसावं लागतं.

"आता असं काही शोधा," मी म्हटलं, "ज्याची दुरुस्ती तुम्हाला करायची नाही."

त्यानंतर ते आले ते खुर्चीत बसायच्या आधीच बोलायला लागले. पोर्चमधल्या बल्बच्या वायरवर एका अंगठ्याएवढ्या पक्ष्यानं घरटं बांधायला घेतलं होतं. वर्णनावरून तो शिंजीर. बांधायचं काम मादीच करत होती.

"कोळ्याचं जाळं आणते हो! चोचीत धरून. त्यानं सालीचे तुकडे, वाळकी पानं चिकटवते. खाली पिशवी लोंबते. दार बाजूला, आणि दारावर चक्क पडवी काढलीय, पाऊस आत येऊ नये म्हणून. आम्ही तारेला ताण द्यायचो, झोल मोजायचो, तरी वाऱ्यात तारा चिकटायच्याच. हिच्याकडं काय आहे? कोळ्याचं जाळं! आणि ते घरटं वाऱ्यात झोके घेतंय, पण तुटत नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? तोंडातून मोठ्यांदा निघालं, वा रे पांडुरंगा! समोरच्या घरातले बघायला लागले."

मी काहीच बोलले नाही. हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मला बऱ्यापैकी जमतं. अण्णा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले.

"ही पूजा झाली, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"पण मॅडम," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "माझी आंघोळ झाली नव्हती."

"पांडुरंगानं विचारलं का?"

ते खळखळून हसले, आणि हसता हसता रडले. काकू त्यांना नेहमी बाहेरून हाक मारायच्या: अहो, बघा तरी येऊन, पारिजातकाचा कसा सडा पडलाय. आणि हे आतून ओरडायचे, त्यात काय बघायचंय? "ती देवाला फुलं वाहायची, तेव्हा तिची पूजा निम्मी अंगणातच झालेली असायची," ते म्हणाले. "मी फक्त उरलेली निम्मी उचलली." हे मी त्यांना सुचवलं नव्हतं. सुचवलं असतं तर इतकं खोल गेलंही नसतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी मळ्यात राबत राहिले आणि कांद्या-मुळ्यात, लसूण-मिरचीत त्यांनी विठाई पाहिली. तो अभंग अण्णा भजनात कितीदा म्हणाले असतील! गीतेच्या दहाव्या अध्यायात तर भगवंत स्वतः पत्ता देतात: झाडांमध्ये मी पिंपळ, ऋतूंमध्ये वसंत, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष. ज्यांना संशोधनाचा दाखला हवा त्यांच्यासाठी, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला साठीपुढच्या लोकांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. काहीजणांना आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, 'अचंबा वाटेल असं काही बघत चाला' असं सांगितलं होतं. बाकीचे नुसते चालले. आठ आठवड्यांत पहिल्या गटानं चालताना काढलेल्या सेल्फींमध्ये त्यांचा चेहरा लहान होत गेला, आजूबाजूचं जग मोठं होत गेलं, आणि हसू रुंदावलं. आमच्या संतांनी सेल्फी न काढता हे ओळखलं होतं, एवढंच म्हणते.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. कासच्या पठारावर जायची गरज नाही. फुलांच्या दिवसांत तिथं गाडी लावायला जागा मिळवण्यातच भक्ती संपते. रोजच्या वाटेवरचंच काहीतरी घ्या, आणि शक्य तर तेच पुन्हा पुन्हा. फाल्गुनात पिंपळाची तांबूस पालवी चार दिवस सलग बघा, रोज रंग वेगळा दिसेल. फोटो काढू नका. काढलात की डोळे काम थांबवतात आणि मन ग्रुपवर पाठवायच्या तयारीला लागतं. नाव माहीत नसलं तरी चालतं. आणि बघून झाल्यावर, घरात कुणी नसताना का होईना, मोठ्यानं बोला. "किती छान केलंस रे" इतकंच. सुरुवातीला लाज वाटते. वाटू द्या.

एका ताईंनी मला सांगितलं, त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. त्यांना मी कोथिंबिरीची जुडी निवडताना एक काडी बाजूला काढून उजेडात धरायला सांगितली. अंगण नाही ही अडचण आहे, पण सबब नाही.

पूजा सोडा असं मी कुणालाच सांगत नाही. अण्णांचे देव रोज ताम्हनात बसतात, हरिपाठही होतो. फरक इतकाच की आता ते अंगणातून आत येतात, आणि आत आल्यावर सांगायला काहीतरी असतं. रोज मन लागतं का? नाही. ते लागलंच पाहिजे, हा हट्ट सुटला.

या उपायाची एक दुसरी बाजूही आहे, ती लपवणं बरं नव्हे. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि ते घरटं पडलं. आत पिल्लं होती. अण्णांचा फोन आला, आवाज चढलेला. "आता कशाची स्तुती करू, सांगा! इतकी कला दिली आणि एका वाऱ्यात घालवली?"

या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही, आणि असल्याचा आव मी आणत नाही. "स्तुती करू नका," मी म्हटलं. "भांडा. तुकोबा भांडले नाहीत का विठ्ठलाशी?"

दोन दिवसांनी पुन्हा फोन. "भांडलो, मॅडम. देवघरात बसून चांगला अर्धा तास. हरिपाठ राहूनच गेला. पण खरं सांगू? इतकं मन आजपर्यंत कधी लागलं नव्हतं."

पुढच्या भेटीची वेळ त्यांनी मागितली नाही.