एवढं शिकले, मग त्यातून काहीतरी व्हायलाच हवं ना?

लॉकडाउनमध्ये कुणी कोरियन मालिका बघायला लागलं, कुणी जपानी अॅनिमे, कुणी चिनी. आधी खालच्या इंग्रजी ओळी वाचून, मग हळूहळू न वाचता. एक दिवस लक्षात आलं की आपल्याला ही भाषा कळायला लागली आहे. इथपर्यंत सगळं आनंदाचं असतं. त्यानंतर एक प्रश्न डोकं वर काढतो, आणि गेल्या तीन-चार वर्षांत तो माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्यावर लिहायचं ठरवलं: "नोकरी सोडून यातच काही करू का?" विचारणारे बहुतेक तिशी-चाळिशीतले असतात, बरी नोकरी असलेले, आणि प्रश्न विचारताना आवाज खाली आणणारे.

मेघनाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहायला तिची परवानगी आहे. आठ महिन्यांत आमच्या चौदा भेटी झाल्या, त्यातलं मोजकंच इथे देते.

"मॅडम, मी वेडी आहे का, तेवढं सांगा," हे तिचं पहिलं वाक्य.

वय चौतीस. माहेर सोलापूरचं. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या चाकणच्या एका कंपनीत अकरा वर्षं अकाउंट्समध्ये. मुलगी दुसरीत. मुलगी झोपली की कानात इअरफोन घालून रोज चिनी मालिकेचा एक भाग, पाऊण तास. चार वर्षांचे अकराशे तास झाले, हे तिनं वहीत मांडून आणलं होतं. सासूबाई त्याला टीव्हीचं वेड म्हणायच्या. वडिलांचं म्हणणं, "शिकायचीच होती तर जपानी तरी शिकायचीस, पुण्यात जपानीला नोकऱ्या आहेत." नवरा काहीच म्हणत नव्हता. तिला तेच जास्त लागत होतं.

"तुला चिनी बोलता येतं?" मी विचारलं.

"कळतं."

"बोलता येतं का?"

बराच वेळ ती गप्प राहिली. चार वर्षांत ती या भाषेत दुसऱ्या माणसाशी एक वाक्यही बोलली नव्हती. आणि राजीनाम्याचा मसुदा मात्र फोनमध्ये तयार होता.

इथे जरा थांबते, कारण हे फार जणांचं होतं. मालिकांनी तिला खरंच काहीतरी दिलं होतं, ते कमी लेखण्याचं कारण नाही. चिनी ही सुरांची भाषा. 'मा' हा एकच उच्चार चार सुरांत आई, ताग, घोडा आणि शिव्या देणं असे चार अर्थ देतो. हे सूर पुस्तकातून कानात बसत नाहीत, रडणाऱ्या-भांडणाऱ्या माणसांच्या तोंडून बसतात. शिवाय चीनमध्ये प्रांतागणिक बोली इतकी बदलते की मालिकांखाली चिनी लिपीतल्या ओळीही असतात. त्यामुळे मेघनाला ऐकताऐकता शेकडो चित्राक्षरं ओळखू यायला लागली होती. तिच्या ऐतिहासिक मालिकांमधले बरेचसे संवाद तर प्रशिक्षित आवाजांनी डब केलेले असतात, त्यामुळे उच्चार स्वच्छ. पण राजवाड्यातली राणी स्वतःला 'छन्छिए' म्हणते, आणि आजच्या चीनमध्ये कुणी बाई स्वतःबद्दल असं बोलत नाही. विषप्रयोग, वनवास, वारसाहक्क या विषयांवर मेघनाकडे भरपूर शब्द होते. पावती, हप्ता, माल परत करणं यांच्यासाठी एकही नव्हता.

मी तिला पहिल्या महिन्यात एकच काम दिलं. राजीनाम्याला हात लावायचा नाही, आणि आठवड्यातून दोनदा ऑनलाइन शिक्षिकेशी अर्धा तास बोलायचं. तिनं काम घेतलं आणि केलं नाही. दोन भेटी तशाच गेल्या.

तिसऱ्या भेटीत कारण निघालं. "बोलायला गेले आणि जमलं नाही, तर चार वर्षं फुकट गेली म्हणायची. एवढं केलंय, मॅडम. आता यातून काहीतरी झालंच पाहिजे."

माझं काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारावर उभं आहे, हे मी कधी लपवलेलं नाही. सव्वीस वर्षांच्या अनुभवानं तो विश्वास वाढतच गेला आहे. माणसाला प्रसंग जेवढा छळतो, त्याहून जास्त त्या प्रसंगाबद्दलचा त्याचा हट्ट छळतो. मराठीत हा हट्ट पकडायला सोपा, कारण तो एका अक्षरात राहतो. मी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं.

"काहीतरी झालंच पाहिजे."

"त्यातला शेवटून दुसरा शब्द बघ. कुठलं अक्षर ऐकू येतंय?"

"च," ती म्हणाली. आणि अचानक खुर्चीत पुढे सरकली. "मॅडम, हा च आहे ना, 'चमचा'मधला, 'चार'मधला नाही, तो चिनीत जसाच्या तसा आहे. हिंदी मैत्रिणींना तो काढायला त्रास होतो, मला झालाच नाही. 'पुन्हा' याला चिनीत 'चाय' म्हणतात, तो ह्याच च नं."

ती पहिल्यांदा भाषेबद्दल बोलत होती. तोपर्यंतच्या सगळ्या भेटींत ती करिअरबद्दल, घरच्यांबद्दल, वयाबद्दल बोलली होती. चेहरा वेगळा दिसत होता. एखाद्या वेळी समुपदेशकानं आपला मुद्दा बाजूला ठेवून समोरच्याच्या उत्साहामागे जायचं असतं. मी गेले.

"मग हेच वाक्य चिनीत सांग मला. काहीतरी झालंच पाहिजे."

तिनं विचार केला, एक वाक्य जुळवलं, मध्येच थांबली. मग म्हणाली, "त्यात 'ईतिंग याओ' घालावं लागतं. म्हणजे नक्की, काहीही करून, हवंच. मालिकांत हे फार येतं. कुणीतरी गुडघ्यावर बसतं आणि बापाचा सूड घ्यायची शपथ घेतं, तेव्हा."

"तू कुणाचा सूड घेते आहेस?"

हा प्रश्न मी ठरवून विचारला नव्हता. ती हसायला लागली आणि हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सगळ्यांचा. बाबांचा. सासूबाईंचा. त्या अकराशे तासांचा."

नंतर तिनं जे निरीक्षण मांडलं, ते मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवून घेतलं. "चिनीत 'ईतिंग याओ' म्हणायचं तर मुद्दाम ते शब्द आणून वाक्यात ठेवावे लागतात. मराठीत नुसता च शेपटीला लागतो, कळतसुद्धा नाही कधी लागला."

"आणि तो काढून टाकला तर?"

"तर 'श्यांग'. मला 'श्यांग'." मग तिनंच समजावलं. 'श्यांग' म्हणजे करावंसं वाटणं. त्याच शब्दाचा अर्थ विचार करणं, आणि त्याच शब्दाचा अर्थ कुणाची आठवण येणं. "मला चिनीत काम करावंसं वाटतंय. मी विचार करतेय. एवढंच आहे खरं तर."

ही भाषा मला येत नाही. पण माझी इतक्या वर्षांची शिकवण एका अशीलानं तिच्या आवडत्या भाषेत मला परत दिली, हा माझ्या कामातला एक मोलाचा क्षण आहे. एलिस यांनी 1950च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जे मांडलं, ते सोलापूरच्या मुलीनं बेजिंगच्या भाषेत पुण्यात बसून सांगितलं.

त्या आठवड्यात तिनं शिक्षिकेशी पहिला अर्धा तास बोलून घेतला. निम्मा वेळ शांतताच होती, असं तिनं सांगितलं. पण 'फुकट गेली' हे शब्द तिच्या तोंडून पुन्हा आले नाहीत.

आता जे अशाच वळणावर उभे आहेत, त्यांच्याशी थोडं बोलते.

आनंदासाठी केलेल्या गोष्टीनं पगार दिला पाहिजे, हा नियम कुणी केला? आपल्याकडे गाणं शिकणाऱ्याला "कार्यक्रम कधी?" आणि भाषा शिकणाऱ्याला "नोकरी कधी?" असं विचारायची पद्धत आहे. विचारू देत. पण आपण स्वतःला तेच विचारायला लागलो की आवडीवर वसुली लावली जाते. ज्या दिवशी मेघनानं अकराशे तास परत मागणं थांबवलं, त्या दिवसापासून ती नोकरीचा विचार नीट करू शकली. हा क्रम महत्त्वाचा आहे. अस्वस्थतेत घेतलेला राजीनामा आणि विचारानं घेतलेला राजीनामा दिसायला सारखेच असतात.

विचार करायचा तर आकडे समोर घ्यायला हवेत. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत चिनीसाठी 88 आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे 2200 तास धरतात. स्पॅनिशला त्याच्या साधारण एक तृतीयांश लागतात. एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेच्या जुन्या, सहा पायऱ्यांच्या पद्धतीत तिसरीला 600 शब्द लागायचे, चौथीला 1200, पाचवीला 2500. त्या पद्धतीत बोलण्याची परीक्षा वेगळी असायची, त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे बोलता आलं असं नाही. मेघनानं घरी घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. चौथी पायरी जेमतेम पार, पाचवी लांब. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे कमी होतं, आणि सासूबाईंना वाटत होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त.

दोन देशांमधलं वारं बदललं की या भाषेची मागणी बदलते, हेही लक्षात घ्यायला हवं. 2020 मध्ये गलवान झालं, अॅपवर बंदी आली. त्याच वर्षी जुलैत जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळांसाठी सुचवलेल्या परदेशी भाषांमध्ये कोरियन, जपानी, थाई होत्या, चिनी नव्हती. म्हणजे शाळेत शिकवण्याची वाट अरुंद झाली. थेट विमानं पाच वर्षांहून जास्त काळ बंद राहून 2025च्या ऑक्टोबरात सुरू झाली. अशा एकट्या भाषेवर पोट ठेवणाऱ्यानं किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलेला असावा, असं मी स्पष्ट सांगते. आणि जे लोक ते काम आज करतात, त्यांच्यापैकी दोघा-तिघांना भेटून त्यांचा मंगळवार कसा जातो ते विचारावं. स्वप्नात कुणाला मंगळवार दिसत नाही.

सहाव्या-सातव्या भेटीत मेघनानं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा विषय काढला. सोलापुरात वाढलेल्या मुलीला ते नाव माहीत असणारच. "त्यांनीही चिनी शिकली होती ना?" शिकली होती. पण भाषा शिकायला ते गेले नव्हते. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला गेले. जखमींशी बोलायला हवं म्हणून भाषा शिकले, पुढे त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. 1942 मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. मी तिला एवढंच विचारलं, "त्यांच्या हातात आधी काय होतं?"

"डॉक्टरकी."

"तुझ्या हातात काय आहे?"

"अकाउंट्स," ती नाराजीनं म्हणाली.

"तुमच्या कंपनीत चीनहून काही येतं?"

"सगळंच येतं, मॅडम. साचे, मशिनं. वरच्या मजल्यावर खरेदी विभाग आहे, ते लोक फोनमधल्या भाषांतरावर मेल लिहितात. काय काय लिहितात, वाचून लाज वाटते."

"आणि त्यांना माहीत आहे, तुला चिनी येतं?"

नव्हतं. ऑफिसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. हसतील म्हणून चार वर्षं तिनं सांगितलंच नव्हतं. अकरा वर्षांचा बिलांचा अनुभव आणि त्या बिलांवरची भाषा, दोन्ही तिच्याकडे होतं, आणि ती मात्र एक टाकून दुसरं घेण्याच्या विचारात होती. भाषा बहुतेकांच्या बाबतीत जोड म्हणून उभी राहते. हातातलं काम सोडण्याआधी ते काम आणि ती भाषा कुठे एकत्र भेटतात, ते शोधायचं. हे मी अनेकांना सांगते आणि बहुतेकांना ते आधी निराश करतं. त्यांना नवं आयुष्य हवं असतं. निराशा ओसरू द्यावी.

तिनं खरेदीच्या साहेबांना सांगितलं. महिन्याभरानं एक नवीन मशीन बसवायला चीनहून दोन इंजिनिअर आले, तेव्हा दोन दिवस तिला शॉपफ्लोअरवर पाठवलं. आदल्या रात्री तिनं मला मेसेज केला होता, "साच्याला 'मूच्यू' म्हणतात. आजपर्यंत एकाही राणीनं हा शब्द उच्चारला नाही."

पहिल्या तासात ती अडकली. इंजिनिअर दक्षिणेकडचा, त्याच्या बोलण्यात श आणि स एकच. चार म्हणजे 'स' आणि दहा म्हणजे 'श'. बोल्ट चार आवळायचे की दहा, तिला कळेना. मालिकांमधल्या स्वच्छ आवाजात हा गोंधळ कधी झालाच नव्हता. कपाळावर घाम आला, मागे सुपरवायझर उभे. पूर्वीची मेघना तिथेच खचली असती. तिनं चिनीत सरळ सांगितलं की मला समजलं नाही, पुन्हा सांगा. त्या गृहस्थांनी दोन्ही तर्जनी एकमेकींवर आडव्या धरल्या. अधिकच्या खुणेसारख्या. चिनी लिपीत दहाचं अक्षर नेमकं तसंच लिहितात. दहा.

"पुन्हा सांगा म्हणताना मी 'चाय' म्हटलं, मॅडम," ती मला सांगत होती. "आपला च."

नोकरी तिनं अजून सोडलेली नाही. आठवड्यातले दोन दिवस ती वरच्या मजल्यावर बसते, पगार तूर्त तोच आहे, आणि त्याबद्दल बोलायची तिची तयारी चालली आहे. दोन दिवस सलग दुभाष्याचं काम केल्यावर डोकं इतकं दुखलं की पूर्णवेळ ते काम करावंसं वाटेल का, याची तिला शंका आहे. ही शंका मला आवडली. वडील अजून जपानीचं नाव काढतात. नवऱ्याला तिनं एकदा विचारलंच, तू काही का बोलत नाहीस. तो म्हणाला, तू रात्री इअरफोन घालून हसतेस तेव्हा तुझ्यात मध्ये यावंसं वाटत नाही.

शेवटच्या भेटीत उठताना तिनं मला 'पुन्हा भेटू' शिकवलं. चायच्येन. पहिला च 'चमचा'तला, दुसरा 'चार'मधला. मी दोन्ही सारखेच म्हटले. तिनं माझ्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं आणि मगच चप्पल घातली.