‘दुविधा’ वीस मिनिटांत बंद केला, अस्वस्थ झालो आणि कळलं काहीच नाही. सत्तरच्या दशकातले असे चित्रपट आपल्यासारख्या साध्या माणसांसाठी असतात का? ते पाहायचे कसे?

तुमच्या या प्रश्नातल्या ‘साध्या माणसांसाठी’ या शब्दांपाशी मी अडले. माझ्या थोरल्या भावानं नेमकं हेच आमच्या घरात, आईसमोर म्हटलं होतं. चार वर्षं झाली, माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

आमचं गाव वेंगुर्ले तालुक्यात. गणपतीत भाऊ डोंबिवलीहून आला होता. विसर्जन झालं, पाऊस धरलेला, वीज गेलेली. माझ्या लॅपटॉपला चार्जिंग होतं. राजस्थानी लेखक विजयदान देथांची ‘दुविधा’ ही गोष्ट मी हिंदीत वाचली होती आणि तिच्यावर मणी कौलनी 1973 साली काढलेला चित्रपट कित्येक महिने शोधून नुकताच मिळवला होता. माजघरात पाटावर लॅपटॉप ठेवला आणि तिघं बसलो. दहा मिनिटांत भाऊ उठला. ‘‘ह्यो पिक्चर नाय, फोटो आसत नुसते. पुरस्कारासाठी काढतत हे. आयेक काय कळतला ह्यातला?’’ असं म्हणून तो पडवीत गेला.

आई हलली नाही.

फोटोंचं त्याचं म्हणणं खरंच होतं. चित्र मध्येच थिजतं. पांढऱ्याफेक भिंती, नवरीची लाल ओढणी, स्थिर चेहरा, आणि तोंड न उघडता ऐकू येणारं मनातलं बोलणं. नट रडत नाहीत, ओरडत नाहीत. तुम्ही अस्वस्थ झालात ते यामुळेच. दुःख कुठं आहे हे आपल्याला बोट धरून कुणी दाखवत नाही, ते आपल्यालाच शोधावं लागतं.

गोष्ट अशी. लग्न होऊन वरात निघालीय. वाटेत नवरीला रानफळं खावीशी वाटतात. नवरा सावकाराचा मुलगा, लग्नाच्या खर्चाचा हिशेब मांडत बसलेला. असलं गावंढळ लोक खातात म्हणतो. इथे आई पहिल्यांदा बोलली, ‘‘दोन करवंदा खाल्ली आसती तर ह्येचा काय गेला असता?’’ राजस्थानात करवंदं असतात की नाही याच्याशी तिला घेणं नव्हतं. नवरा लगेच पाच वर्षांसाठी धंद्याला निघून जातो. झाडावरचं भूत त्या मुलीवर जीव जडवतं, नवऱ्याचं रूप घेऊन घरात येतं. पण तिला फसवत नाही. मी कोण ते सांगतं, आणि राहू का म्हणून तिलाच विचारतं.

‘‘भुतान तरी इचारल्यान,’’ आई म्हणाली. पडद्यावरची नजर तिनं काढली नव्हती.

माझे वडील मुंबईत गिरणीत होते. लग्न 1966 चं. गणपतीला यायचे, वीसेक दिवस राहायचे. बाकी वर्षभर मनीऑर्डर आणि तिच्यावरच्या दोन ओळी. 1982 च्या संपानंतर ते कायमचे घरी आले ते 83 साली. सतरा वर्षांच्या संसारातले एकत्र दिवस मोजले तर वर्षसुद्धा भरत नाही. मी पहिलीत असताना ते बॅग घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा मी आईच्या मागे लपून ‘हे कोण?’ म्हणून विचारलं होतं. घरात तो किस्सा हसून सांगतात. त्या रात्री मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. आईच्या दारात दर वर्षी एक परका माणूस नवऱ्याच्या रूपात येत होता. तो यावा की जावा, हे तिला कुणीही विचारलं नव्हतं.

आता सांगा, आईला काय कळलं नसेल? आरवलीच्या वेतोबाला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात. हे मानणाऱ्या बाईला माणसाच्या रूपातलं भूत पटवून द्यावं लागत नाही. जत्रेत रात्रभर दशावतार पाहताना एका बाकड्याचं सिंहासन होतं, पुरुष राणी होतो. अभिनय खराखुरा हवा, हा हट्ट भावाला शहरात लागला.

त्याचं म्हणणं, त्यापेक्षा ‘पहेली’ बरा. 2005 मध्ये अमोल पालेकरांनी हीच गोष्ट शाहरुखला घेऊन केली. देखणा आहे, मान्य. पण त्यात शेवटी भूत नवऱ्याच्याच देहात शिरतं आणि सगळं गोड होतं. मूळ गोष्टीचा कणाच त्यानं मोडतो. ‘दुविधा’त खरा नवरा परत येतो, एक मेंढपाळ भुताला युक्तीनं पखालीत कोंडतो, आणि ती मुलगी गप्प, त्या नवऱ्याकडेच. आई शेवटी म्हणाली, ‘‘तेका खयचो होयो, ता कोणी इचारल्यान?’’ तिला दोघांतला कोणता हवा, हे कुणी विचारलं?

पाहायचा कसा, तर 82 मिनिटं एका बैठकीत, अंधारात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पुढे काय होणार हे आधीच माहीत असेल तर उत्तम, म्हणून गोष्ट आधी वाचा. आणि कान उघडे ठेवा. पडद्यावर चेहरा थिजलेला असतो तेव्हा गोष्ट आवाजात चाललेली असते. मणी कौल मुळात जोधपूरचे आणि चित्रीकरण देथांच्याच बोरुंदा गावातलं, त्यामुळे त्यातलं काही सजवलेलं वाटत नाही.

सगळेच असे चित्रपट भिडतील असं मात्र नाही. मणी कौलांचाच ‘उसकी रोटी’ बस ड्रायव्हरची वाट पाहणाऱ्या बायकोचा, म्हणजे विषय आमच्याच घरातला, तरी मला फार जड गेला. त्यापासून सुरुवात करू नका. आणि दोनदा बसूनही ‘दुविधा’ नाही आवडला तर सोडून द्या, पण ‘कळला नाही’ म्हणू नका. आवडला नाही म्हणा.

भाऊ हे वाचणार आहे, मी त्याला पाठवणार आहे. दादा, यंदाही लॅपटॉप चार्ज करून ठेवते. दहा मिनिटं तू पाहिलीस, उरलेली बहात्तर आयेच्या बाजूला बसून बघ.