पुण्याहून बसने जाऊन दिवसभर चालता येईल अशा टेकड्या, जंगलं, गावाकडच्या वाटा कुठल्या?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी वाकडला नवीन आलाय, गाडी घ्यायला अजून वर्ष तरी लागेल, तर तेवढे दिवस रविवारी बसने जाऊन कुठे चालता येईल आणि एकट्याने गेलं तर चालेल का. गाडी येईपर्यंत कसंतरी भागवायचंय असा जो सूर आहे ना तुमचा, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझे वडील पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसवर, कंडक्टर होते. २००७ साली पुण्याची आणि पिंपरीची बससेवा एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, आमच्या घरात अजून पीएमटीच म्हणतात. लहानपणी आम्ही जिथे जिथे फिरलो ते बसने आणि पायी, आणि घरात गाडी असती तरी बाबा बसनेच गेले असते असं माझं ठाम मत आहे. माझ्या मोठ्या भावाचं मत बरोबर उलटं, त्यावरून आमचं आजही वाजतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी जिथे लावली तिथेच परत यावं लागतं. बसने जाणाऱ्याला ते बंधन नाही. एका बाजूने चढायचं, पलीकडे उतरायचं आणि तिकडची बस धरायची. डोंगर पार करायची मजा गाडीवाल्याला मिळतच नाही, तो वर जाऊन फोटो काढतो आणि त्याच रस्त्याने खाली येतो.

आता सिंहगडच घ्या. गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता दादा सगळ्यांना घेऊन गडावर गेला, गाडी थेट वरच्या पार्किंगपर्यंत. मी सकाळी स्वारगेटला ५० नंबरची बस पकडून पायथ्याला उतरले आणि आतकरवाडीच्या वाटेने चढले. वर सगळे भेटलो, पिठलं-भाकरी झाली, मडक्यातलं दही झालं, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी जाऊन आलो आणि हिंडत हिंडत कल्याण दरवाजाकडे निघालो. हा दरवाजा बहुतेक लोक वरूनच बघून परत फिरतात. एकामागे एक असे दोन दरवाजे आहेत, बुरुजाला दगडात कोरलेले हत्ती आणि त्यांच्यावर माहूत आहेत, आणि बाळाजी बाजीरावांच्या नावाचा शके १६७२ चा शिलालेख आहे, तो आम्ही अक्षरावर बोट ठेवून ठेवून वाचला. माझी भाची तेव्हा सातवीत. तिने खाली बघितलं, भातखाचरं दिसत होती, म्हणाली आत्या ही वाट कुठे जाते? म्हटलं कल्याण गावात, तिथून पुढे डांबरी रस्त्याने कोंढणपूर, तिथे पुण्याची बस मिळते. झालं, ती हटूनच बसली. दादा म्हणाला गाडी इकडे आहे, उगाच आत्याच्या नादी लागू नकोस. वहिनी म्हणाली जाऊ दे की. मग आम्ही दोघीच उतरलो.

उतरताना वाटेच्या दोन्ही बाजूंना सोनकी आणि तेरडा फुललेला, पायाखाली ओला मुरूम, आणि गडावर जी जत्रा होती तिचा आवाज दहा-पंधरा मिनिटांत बंद. पाठीमागून कोणी ढकलत नाही, भज्यांचा वास नाही. भाचीचं सारखं एकच चाललं होतं, आपण खरंच गडाच्या मागे आलोय का? कोंढणपूरला तुकाईच्या देवळात जाऊन स्टॉपवर येऊन बसलो. तिथून गडावरचा टीव्ही टॉवर दिसत होता, ज्याच्याजवळ ती दुपारी उभी होती, तो इतका लांब बघून पोरगी गप्पच झाली. मग बस आली. तिकीट काढ म्हटलं तर तिला हाफ मागायचं का फुल तेच माहीत नाही! पुण्यात जन्मलेली, तेरा वर्षांची मुलगी, आणि तिने आयुष्यात स्वतः कधी बसचं तिकीट काढलेलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

रात्री दादाचा फोन, बस चुकली असती तर काय केलं असतंस? अरे, बस चुकू शकते म्हणून तर आधी वेळ विचारून ठेवायची. बाबा कुठेही उतरले की कंडक्टरला परतीची शेवटची बस कितीला ते विचारायचे आणि तिकिटाच्या मागे लिहून खिशात ठेवायचे, मीही तेच करते. शाळेत असताना बाबांच्या खाकी वर्दीवरून पोरं दादाला चिडवायची, ते त्याच्या मनात बसलंय हे मला कळतं. पण त्यात बसचा काय दोष, आणि बाबांचा तरी काय. आपल्याकडे गाडी नव्हती म्हणून आपण पायी हिंडलो असं तो सगळ्यांना सांगतो, ते चुकीचं आहे. डेपोत ड्युटीचा तक्ता वाचता वाचता बाबा वाटा ठरवायचे, अमुक बसचा शेवटचा स्टॉप इथे, तमुकचा तिथे, मधे डोंगर, म्हणजे रविवार ठरला. हौस होती ती त्यांची.

असो, तुमच्या प्रश्नाकडे येते. असंच पार करायचं असेल तर मल्हारगड करा. सासवडच्या बसने दिवेघाट चढायचा, चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो, घाट संपला की झेंडेवाडीला उतरायचं. तिथून चालत गड, छोटासाच आहे, पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख पानसे यांनी बांधलेला, महाराष्ट्रातल्या सगळ्यात शेवटी बांधलेल्या किल्ल्यांपैकी. वर खंडोबाचं आणि महादेवाचं अशी दोन देवळं आहेत. उतरायचं मात्र सोनोरीच्या बाजूने आणि चालत सासवड गाठून परतीची बस. सावली अजिबात नाही, त्यामुळे उन्हाळ्यात जाऊ नका.

शहरातच चालायचं असेल तर वेताळ टेकडी. सेनापती बापट रोडला चतुःशृंगीच्या बाजूने चढा आणि खाणीवरून लॉ कॉलेज रोडला नाहीतर पाषाणला पंचवटीत उतरा, कुठूनही बस आहे. मोर हमखास ऐकू येतात. बालभारती ते पौड फाटा रस्ता या टेकडीवरून न्यायचं चाललंय, त्याला माझा पूर्ण विरोध आहे, २०२३ च्या मोर्चात मीही होते. तुम्ही आधी चालून या, मग तुम्हीच सांगा तिथे रस्ता हवा का.

वाकडहून सगळ्यात सोयीचं म्हणजे घोरावडेश्वर. निगडीहून तळेगावकडे जाणारी बस धरून जुन्या मुंबई हायवेवर शेलारवाडीला उतरा, किंवा लोकलने बेगडेवाडी नाहीतर घोरावाडी स्टेशन. मूळची बौद्ध लेणी आहेत, एकात महादेव आहे. बागांमध्ये एम्प्रेस गार्डन जुन्या मोठ्या झाडांसाठी जरूर बघा, बाकी बागा रविवारी नकोच, चालायला जागा नसते.

एकट्याने जायचं तर टेकड्यांवर दिवसाउजेडी, माणसांची जाग असेल तेव्हाच जा. वेताळ टेकडीवर, तळजाई टेकडीवर लुटीचे प्रकार झालेत, अंधार पडायच्या आत खाली या. कल्याण दरवाजाची वाट भर पावसात निसरडी असते, तेव्हा ती एकट्याने नको, ऑक्टोबरात करा. आणि बसबद्दल खरं ते सांगते, रविवारी फेऱ्या कमी असतात, खेड्याकडच्या तर फारच कमी, पीएमपीच्या ॲपवर बघा पण कंडक्टरलाही विचाराच. सिंहगड रोडला रविवारी संध्याकाळी खडकवासला धरणाच्या चौपाटीपाशी बससुद्धा तासतास अडकते. कोंढणपूरकडून परत यायचं आणखी एक कारण ते, त्या बाजूने खेड शिवापूरहून कात्रजला येता, चौपाटी लागतच नाही. मे २०२२ मध्ये गडावर खासगी गाड्या बंद करून ई-बस सोडल्या होत्या, ते थोड्याच दिवसांत गुंडाळलं. नीट तयारी करून परत सुरू करायला हवं असं मला वाटतं.

पहिल्या रविवारी घोरावडेश्वर करा, तुम्हाला जवळ आहे. मल्हारगड आणि कोंढणपूर दिवाळीच्या आसपास, आणि कोंढणपूरला जाल तेव्हा शेवटच्या बसची वेळ आदल्या दिवशीच काढून ठेवा.