पुण्याहून आलेल्या आई-बाबांना हार्टलपूलचं नौदल संग्रहालय दाखवायला न्यावं का?

न्या, जरूर न्या. ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमधलं सगळं बघून झालंय, बाबांना इतिहासाची आवड आहे, आईंचे गुडघे दुखतात, आणि तिथून जवळच्या हार्टलपूल या बंदराच्या गावी नुसत्या इंग्रजांच्या तोफा बघायला एवढं जायचं का, असं तुम्ही विचारलंय. तर बाबांना निघायच्या आधी एवढंच सांगा, की तिथलं मुख्य जहाज मुंबईत बांधलेलं आहे.

‘एचएमएस त्रिंकोमाली’ हे त्याचं नाव. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरलं. ब्रिटनची जी जुनी लढाऊ जहाजं अजून पाण्यावर तरंगतात, त्यांत सगळ्यात जुनं हेच. पोर्ट्समथचं प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’ वयाने मोठं आहे, पण ते सुक्या गोदीत उभं आहे.

मी भायखळ्यात वाढले, वडील माझगाव डॉकमध्ये फिटर होते. तरी नौदलाच्या गोदीची भिंत आम्ही बाहेरूनच पाहिली, कारण आत सामान्य माणसाला प्रवेश नसतो. वाडियांची जहाजं त्याच भिंतीआड बांधली गेली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे जवळपास दीडशे वर्षं त्यांच्या घराण्याने जहाजं बांधली. त्रिंकोमालीचे मुख्य बांधकामगार जमशेटजी बमनजी वाडिया. १८४२ मध्ये चीनने हाँगकाँग ब्रिटिशांना दिलं तो नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, तेही मुंबईचंच, १८१३ सालचं.

इंग्रज मुंबईकडे वळले ते लाकडासाठी. नेपोलियनशी लढता लढता त्यांच्याकडचं ओक झाडाचं चांगलं लाकूड संपत आलं होतं, आणि मलबारचं सागवान ओकपेक्षा जास्त टिकतं. सागाला तेल असतं, त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेलं लोखंडही कमी गंजतं. या जहाजाची मागणी १८१२ मध्ये नोंदवली गेली. पण त्याचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ नावाचं जहाज वाटेतच अमेरिकनांनी लढाईत नष्ट केलं, म्हणून नकाशांची दुसरी प्रत पाठवावी लागली. १८१६ मध्ये जहाजाचा कणा बसला तेव्हा नेपोलियन जिथे हरला ती वॉटर्लूची लढाई होऊन गेली होती. ज्या युद्धासाठी ते हवं होतं ते संपलेलं, त्यामुळे १८१९ मध्ये इंग्लंडला पोचल्यावर ते पंचवीस वर्षं नुसतं उभं करून ठेवलं होतं. पुढे ते वेस्ट इंडिज आणि पॅसिफिकमध्ये फिरलं. १८९७ मध्ये ते मोडीत निघालं होतं, तेव्हा व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी विकत घेतलं आणि ‘फूद्रोयां’ नाव देऊन त्यावर मुलांना नौकानयन शिकवायला सुरुवात केली. ही शाळा १९८६ पर्यंत चालली! १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आलं आणि दुरुस्ती २००१ मध्ये पूर्ण झाली. एवढं होऊनही निम्म्याहून बरंच जास्त लाकूड मूळचं आहे.

म्हणून माझा आग्रह असा, की वरच्या डेकवर फोटो काढून परत फिरू नका. तोफांच्या मजल्यावर जा, मागची कप्तानाची खोली बघा, आणि मग खाली, जिथे खलाशी झोळ्या टांगून झोपत, तिथे जरा थांबा. तिथे जहाजाच्या बरगड्या जवळून बघता येतात. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या सुतारांनी तासलेलं हे लाकूड. वाडियांचं नाव राहिलं याचा मला आनंद आहे, पण या सुतारांची नावं आपण जपली नाहीत याचं फार वाईट वाटतं. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने निदान त्यांचं काम तरी नीट बघावं. बाहेर आल्यावर जहाजाच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची, फेटा बांधलेल्या माणसाची मूर्तीही चुकवू नका.

आईंसाठी: जिने उभे आणि अरुंद आहेत, खालच्या मजल्यांवर वाकून चालावं लागतं. त्यांना कुठपर्यंत जाता येईल हे आधी फोन करून विचारा. त्यांना खाली जायला नको वाटलं तर भोवती जुन्या बंदराचा देखावा उभारलाय, दुकानं आणि घरं सजवली आहेत, तिथे त्या रमतील. मला स्वतःला त्यात फारसं काही वाटलं नाही.

शेजारी ‘विंगफील्ड कॅसल’ ही १९३४ ची, पाणी सारणाऱ्या मोठ्या चाकांवर चालणारी आगबोट आहे. ती याच गावातल्या विल्यम ग्रे यांच्या कारखान्यात बांधली. तो कारखाना साठच्या दशकात बंद पडला आणि गावाचं जहाजबांधणीचं काम संपलं. पण बंदर चालू आहे. संग्रहालय ज्या गोदीत आहे तिथे आता शिडाच्या हौशी बोटी असतात, तर पलीकडच्या व्हिक्टोरिया हार्बरमध्ये मालवाहू जहाजं लागतात. समुद्राखालून टाकायच्या विजेच्या केबलही इथे तयार होतात. मासेमारीच्या बोटी आहेतच. हे सगळं बघायला गाडीने वळसा घालून हेडलँडला, म्हणजे गावाच्या समुद्रात घुसलेल्या टोकाला, जा. तिथून बंदराचं तोंड समोर दिसतं. १६ डिसेंबर १९१४ रोजी जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या आणि शंभरावर माणसं मेली, ती जागाही तिथेच आहे.

न्यूकॅसलहून थेट गाडी मिळते. डावीकडे बसा, संडरलँडनंतर बराच वेळ समुद्र सोबत असतो. स्टेशनपासून संग्रहालय चालत पंधरा-वीस मिनिटं, आईंसाठी टॅक्सी करा. आणि उन्हाळा असला तरी दोघांना कानटोपी घालायला लावा, डेकवरचा वारा पुण्याच्या माणसाला झेपणारा नाही.