आधी मुलीचं नववं पान वाचा

पत्र थोडक्यात असं: "मुलगी बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात ६१ टक्के. अमेरिकन फुटबॉलमधल्या 'ऑफेन्सिव्ह लाइनमन' या खेळाडूंची कामगिरी आकड्यांनी कशी मोजावी, यावर तिने कॉलेजात प्रकल्प केला. न्यू जर्सीतले माझे मेहुणे म्हणतात, यात डॉलरमध्ये पगार आहे. तिला स्पोर्ट्स अ‍ॅनालिटिक्समध्ये एम.एस. करायला पाठवायचं आम्ही ठरवलं आहे. घर तारण ठेवून कर्ज मिळतंय. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये नक्की नोकरी लागेल असं विद्यापीठ सुचवा." – एक पालक, सांगली

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. चार पानांत 'आम्ही ठरवलं आहे' सहा वेळा आलंय. 'ती म्हणते' एकदाही नाही. ६१ टक्क्यांची मला काळजी वाटत नाही, याची वाटते.

शेवटच्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात, 'हल्ली जेवताना गप्प असते, अभ्यासाचं टेन्शन असावं.' नाही हो, हे अभ्यासाचं टेन्शन नाही. आपल्या शिक्षणापायी राहतं घर बँकेकडे जाणार हे तिला दिसतंय, आणि तिला कुणी काही विचारलेलं नाही. नको म्हणावं तर बाबांचं मन मोडतं, हो म्हणावं तर घराचं ओझं डोक्यावर. अशी मुलं परदेशी गेलेली मी पाहिली आहेत. पहिल्याच सत्रात त्यांना कळतं की हे आपलं नाही. पण घरी फोन केला की 'सगळं मस्त चाललंय' म्हणतात, कारण परतीची वाट आपण गहाण टाकलेली असते. तुमचं तिच्यावर प्रेम आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. म्हणूनच स्पष्ट सांगते: हे कर्ज काढू नका.

प्रकल्पाची प्रत सोबत जोडलीत, हे फार बरं केलंत. ती तुम्ही वाचली नसावी, म्हणून त्यात काय आहे ते सांगते.

या खेळात एका बाजूचे अकरा जण मैदानात असतात. त्यातले पाच धिप्पाड गडी पुढच्या फळीत. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, चेंडू फेकेपर्यंत समोरच्यांना अडवायचं, नाहीतर चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. फेकणाऱ्याच्या नावावर यार्ड, म्हणजे चेंडूने कापलेलं अंतर, लागतात, झेलणाऱ्याच्या नावावर झेल, क्वार्टरबॅकला पाडणाऱ्याच्या नावावर १९८२ पासून अधिकृतपणे 'सॅक'. या पाच जणांच्या नावावर जवळजवळ काहीच नाही. दिसतात ते दंड. क्लीव्हलंड संघाचा लाइनमन 'जो थॉमस' २००७ पासून सलग १०,३६३ स्नॅप, म्हणजे डाव, एकही न चुकता खेळला. २०२३ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. इतक्या मोठ्या खेळाडूचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा कोणता, तर हजेरीचा!

मोजायचे प्रयत्न झालेत. प्रो फुटबॉल फोकस या आकडेवारीच्या कंपनीची माणसं चित्रण पाहून प्रत्येक डावाला उणे दोन ते अधिक दोन असे गुण देतात. खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून खेळाडूची जागा सेकंदाला दहा वेळा नोंदली जाते. त्यावरून ईएसपीएन या क्रीडावाहिनीने २०१८ मध्ये एक माप काढलं: समोरच्याला अडीच सेकंद थोपवलं की तो डाव लाइनमनने जिंकला.

तुमच्या मुलीने एनएफएलने 'बिग डेटा बोल' या आकडेवारीच्या स्पर्धेसाठी खुली केलेली २०२१ च्या हंगामाच्या पहिल्या आठ आठवड्यांची माहिती घेतली. कोण सर्वांत कमी वेळा हरला याची यादी केली. आठव्या पानापर्यंत यादी छान सजलीय. नवव्या पानावर तिने ती स्वतःच बाद केलीय. लिहिलंय, 'वरचे खेळाडू खरंच चांगले आहेत की त्यांचे क्वार्टरबॅक चेंडू लवकर सोडतात, हे मला वेगळं करता आलं नाही.' पुढे विचारलंय, दोघांनी मिळून एकाला अडवलं तर श्रेय कुणाचं? आणि कुणी कुणाला अडवायचं ठरलं होतं, हे तर त्या संघालाच ठाऊक. कबड्डीत कोपऱ्यावरचा घोटा धरतो आणि टाळ्या त्याला पडतात, पण चढाईवाल्याची वाट शेजारच्याने अडवलेली असते, तसंच हे.

इतकी वर्षं मुलांचे प्रकल्प वाचतेय. आपलीच यादी आपल्या हाताने खोडणारी मुलं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली. औषधांच्या चाचण्यांत, विमा कंपनीत, शेतीच्या संशोधनात अशीच माणसं लागतात. ६१ टक्क्यांत हे कुठेच दिसत नाही.

आता तुमचा एक गैरसमज. पदवीच्या नावात 'स्पोर्ट्स' आलं की खेळात नोकरी लागते, असं नसतं. एनएफएलमध्ये संघ ३२. प्रत्येकाकडे आकडेवारीचं काम करणारी माणसं थोडी, आणि त्या जागांवर डोळा ठेवून असलेली, हा खेळ पाहत वाढलेली अमेरिकन मुलं ढिगाने. वर व्हिसाची लॉटरी. कोणतंही विद्यापीठ तिथली नोकरी नक्की देऊ शकत नाही. जे देतो म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. मेहुण्यांनी पराग मराठे यांचं नाव सांगितलं असेल. ते २००१ पासून सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या एनएफएल संघात आहेत खरे, पण त्यांचं शिक्षण बर्कली आणि स्टॅनफर्डला व्यवसाय व्यवस्थापनाचं, आणि ते सल्लागार कंपनीतून तिथे गेले. प्रो फुटबॉल फोकस सुरू करणारे नील हॉर्न्सबी तर इंग्लंडचे. खेळाच्या पदवीने त्यांना आत नेलेलं नाही.

तिने इथेच एम.एस्सी. संख्याशास्त्र करावं. आयआयटीची 'जॅम' ही प्रवेश परीक्षा, पुणे विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, आयएसआय म्हणजे भारतीय संख्याशास्त्र संस्थेची परीक्षा, हे रस्ते तुमच्या ओळखीचे आहेत. पुढे अमेरिकेला जावंसं वाटलं तर असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठात शिकवण्या-संशोधनाला मदत करून खर्च भागवण्याची सोय, मिळवून जाईल, घर गहाण न टाकता.

आता दोन ओळी लेकीसाठी. बाळ, तुझ्या अहवालात सामन्याच्या थराराबद्दल एक वाक्य नाही. जिथे आकडा फसतो तिथे मात्र तुझी लेखणी धावते. मला वाटतं, तुला फुटबॉलपेक्षा मोजमाप आवडतं. चुकत असेन तर कळव. नवव्या पानावर तू जिथे अडलीस, तिथून पुढे मिक्स्ड मॉडेल ही संख्याशास्त्रातली पद्धत शीक. खेळाडूचा वाटा किती आणि क्वार्टरबॅकचा किती, हे त्याने बऱ्यापैकी सुटं करता येतं. उसाच्या वाणाचा वाटा किती आणि जमिनीचा किती, हेही त्याच पद्धतीने काढतात, आणि ऊस तर तुझ्या दाराशी आहे. संभाव्यता आणि रेषीय बीजगणित मात्र पक्कं कर. तुझे मार्क तिथेच गेलेत.

आणि तुम्ही, येत्या रविवारी तिच्याजवळ बसा. नववं पान तिला समजावून सांगायला लावा. पगाराचा विषय काढू नका, मेहुण्यांना फोन लावू नका. कळलं नाही तर पुन्हा विचारा. बँकेत दिलेली घराची कागदपत्रं सोमवारी परत आणा. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते न वाचता पाकिटात घाला.