मुलीला असली नाटकं बघू द्यावीत का?

पंचवटीतून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी बारावीला आहे, आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय आणि पुढेही संगीतातच काही करायचं म्हणते. मैत्रिणींबरोबर ‘घाशीराम कोतवाल’ बघून आली आणि दोन दिवस धड जेवली नाही. त्यातली चाल मात्र सारखी गुणगुणते. आई विचारतात, ‘गाणंच शिकायचंय, तर असली नाटकं कशाला?’

ताई, नमस्कार.

जेवत नाही, पण चाल गुणगुणते, हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमच्या मुलीला जे कळलंय ते क्लासमध्ये शिकवता येत नाही.

या नाटकात बाप कोतवालीसाठी पोटची पोर नाना फडणवीसाच्या हवाली करतो आणि हे सगळं आपल्यासमोर येतं कीर्तन, अभंग, लावणीच्या सुरांतून. झुलत गाणाऱ्या ब्राह्मणांची रांग हाच पडदा. ते पाठ फिरवून उभे राहिले की मागचं दिसत नाही, पण कळतं. आणि आपला पाय ठेका धरून हलतच असतो! तो हलतोय हे लक्षात आलं की पोटात कालवतं. भास्कर चंदावरकरांनी तिथे भेसूर संगीत दिलं असतं, तर आपण नुसते घाबरून घरी आलो असतो. चाली गोड आहेत, म्हणून आपणही त्या रांगेत जाऊन उभे राहतो.

उद्या तुमची मुलगी नाटकाला किंवा मालिकेला पार्श्वसंगीत द्यायला बसली, तर पहिला प्रश्न हाच पडेल: प्रसंग क्रूर आहे, मग सूर कोणता लावू? गळा रियाजाने तयार होतो. पण सूर ऐकणाऱ्याला कुठे ओढून नेतो, हे स्वतः ओढलं गेल्याशिवाय कळत नाही. ‘मत्स्यगंधा’ हे संगीत नाटक तिने जरूर ऐकावं. ते लिहिणारे वसंत कानेटकर तर आपल्या नाशिकचे, आणि अभिषेकीबुवांच्या चाली गळ्यावर चढवाव्यात अशाच आहेत. पण फक्त तेवढंच ऐकून भागणार नाही.

अस्वस्थ होणारी ती काही पहिली नाही. १६ डिसेंबर १९७२ ला पुण्यात पहिला प्रयोग झाला, तेव्हा भलीभली माणसं खवळली. वाद एवढा पेटला की नाटक करणाऱ्या संस्थेने प्रयोग थांबवले. मग त्यातल्या कलाकारांनी थिएटर अकादमी काढून नाटक पुन्हा उभं केलं.

तुमची काळजी मी उडवून लावत नाहीये. सतराव्या वर्षी असं नाटक बघून मुलीने एकटीनेच ते मनात घोळवत बसू नये. पुढच्या वेळी शेजारच्या खुर्चीत तुम्ही बसा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नाशिक केंद्रावरही होते, तिथली नाटकं दोघी मिळून बघा.

शिक्षणाचं म्हणाल, तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची चौकशी करा. तिथे संगीत, नृत्य आणि नाटक एकाच छताखाली आहे, तिच्यासारखीला ते मानवेल. प्रवेशाचे नियम मात्र त्या वर्षीचे बघून घ्या.

आज रात्री जेवणं झाली की ती चाल तिच्याकडून सबंध ऐका. मग विचारा, ही चालू असताना रंगमंचावर काय चाललं होतं? ती लगेच सांगणार नाही, घाई करू नका. आणि आठवड्याभरातही जेवण-झोप रुळावर आली नाही, तर तिला घेऊन मला भेटायला या.